हाड जुळले, पण गुडघा वाकेना

लादी बसवणाऱ्या कारागिराची खरी हत्यारे दोन. एक हातातली थापी आणि दुसरे त्याचे गुडघे. थापी मोडली तर बाजारात दुसरी मिळते. गुडघ्याचे काय होते, ते आम्ही आमच्या घरात पाहिले, म्हणून हा लेख लिहीत आहे.

माझा मेहुणा गेली वीस वर्षे लाद्या बसवतो. दिवसभर उकिडवे बसायचे, एकेक लादी रबरी हातोडीने ठोकत, पाणसळ लावत मागे सरकत जायचे, हे त्याचे काम. जुलै २०२३ मध्ये एका इमारतीच्या ओल्या जिन्यावर खांद्यावर लाद्यांचे खोके असताना त्याचा पाय घसरला. पूर्ण भार उजव्या गुडघ्यावर आला आणि गुडघ्याच्या वाटीचे दोन तुकडे झाले. ठेकेदाराने पाच हजार रुपये हातावर ठेवले आणि दुसऱ्या दिवसापासून फोन उचलणे बंद केले. सरकारी दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली, तार घालून वाटी जोडली, पाय सरळ ठेवून पट्टा बांधला. शस्त्रक्रिया चांगली झाली होती, त्याबद्दल तक्रार नाही. सहा आठवड्यांनी एक्स-रे काढला तेव्हा हाड जुळून आले होते. घरात आम्ही पेढे वाटले.

पेढे वाटण्याची घाई झाली, असे आता वाटते. घरी सोडताना दिलेल्या कागदावर औषधांच्या खाली एका ओळीत इंग्रजीत 'फिजिओथेरपी' असे लिहिले होते. ती ओळ कोणी वाचून दाखवली नाही आणि आम्हीही विचारले नाही. मी बी. कॉम. झालेला माणूस, ऑफिसात दिवसभर कागदच वाचतो. पण घरचा कागद वाचताना मी औषधांची बिले जुळवली आणि ती ओळ सोडून दिली. ही चूक माझी आहे.

मेहुणा घाबरला होता. पाय वाकवला तर तार तुटेल, हाड पुन्हा निसटेल, असे त्याला वाटे. त्याची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्याला पाणीसुद्धा हातात आणून देत. पाय उशीवर ठेवून तो टीव्ही बघत राही. प्रेमापोटी आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला अडीच महिने निजवून ठेवले. नोव्हेंबर उजाडला तेव्हा गुडघा लाकडासारखा झाला होता. मांडी बारीक पडली होती. खुर्चीवर बसला की पाय समोर काठीसारखा ताठ. बसच्या सीटवर बसता येईना, संडासला बसता येईना. 'दाजी, हाड जुळलं म्हणताय, मग पाय का मेला?' असे त्याने मला विचारले तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते.

याच सुमारास वस्तीतल्या कोणीतरी एका मालीशवाल्याचे नाव सुचवले. तो म्हणे तेल लावून, जोर देऊन एका बैठकीत सांधा मोकळा करतो. सुदैवाने माझ्या पत्नीने विरोध केला. पुढे मला कळले की असा जोर फार धोक्याचा असतो. ताज्या दुखापतीभोवतीचे स्नायू जोराने चोळले, ओढले, तर आत रक्तस्राव होतो आणि कधीकधी स्नायूंतच हाडासारखा कठीण भाग तयार होतो. कोपराच्या बाबतीत हे जास्त घडते. मुलांच्या कोपराला मार लागला की आपल्याकडे पहिली धाव तेल चोळणाऱ्याकडे असते. ती थांबवली पाहिजे.

शेवटी दुसऱ्या एका रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात आम्ही गेलो. तिथे एक तरुण मुलगी होती, पंचविशीची असेल. आम्ही तिला मॅडम म्हणू लागलो. तिने आधी मेहुण्याला पालथे झोपवले, मग उताणे, मग बसवले. कंपासपेटीतल्या कोनमापकासारखी, पण दोन लांब पट्ट्या असलेली एक प्लास्टिकची वस्तू गुडघ्याला लावली आणि म्हणाली, 'पस्तीस अंश.' मी खिशातून डायरी काढून तो आकडा लिहिला. जमा-खर्च मांडायची सवय. पण त्या डायरीने पुढे मोठे काम केले.

मॅडमनी जे सांगितले ते माझ्या शब्दांत सांगतो. सांधा हा वापरासाठीच बनलेला असतो. सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. सांधा हलतो तेव्हा आतला वंगणासारखा द्रव तिच्यात ये-जा करतो आणि त्यातूनच तिचे पोषण होते. हालचाल थांबली की सांध्याभोवतीचे आवरण आखडते, थर एकमेकांना चिकटतात, स्नायू काही आठवड्यांत सुकू लागतो. हाड जोडणे हे सर्जनचे काम. पण सांधा परत चालता करणे हे रोजच्या रोज करायचे काम आहे, आणि ते रुग्णाला स्वतःच करावे लागते. फिजिओथेरपिस्ट फक्त वाट दाखवतो.

निरोगी गुडघा साधारण १३५ अंशांपर्यंत वाकतो. सपाट जमिनीवर चालायला साठ-पासष्ट अंश पुरतात. खुर्चीवर नीट बसायला, जिना उतरायला नव्वदच्या आसपास लागतात. उकिडवे बसायला मात्र एकशे वीसच्या पुढे जावे लागते. ऑफिसात खुर्चीवर बसणाऱ्या माझ्यासारख्याचा गुडघा नव्वदला अडकला तरी पगार चालू राहील. लादीवाल्याची रोजी मात्र त्या वरच्या तीस-चाळीस अंशांत असते. एकच दुखापत दोन माणसांना सारखी नसते, हे मला त्या दिवशी समजले.

व्यायाम साधे होते. गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा, गुडघा खाली दाबून मांडी आवळायची, पाच अंक मोजायचे, सोडायचे. पाय सरळ ठेवून एक वीत वर उचलायचा. टाच जमिनीवरून सरकवत नितंबाकडे आणायची. या तिसऱ्या व्यायामासाठी मेहुण्याने घरातली एक गुळगुळीत लादी काढली, तिच्यावर टाल्कम पावडर टाकली आणि पायात मोजा घालून तो टाच सरकवू लागला. मॅडमना हे इतके आवडले की त्यांनी दुसऱ्या रुग्णांनाही ते सांगितले. दुखणे किती सहन करायचे, याचा त्यांनी दिलेला हिशेब मला पटला. व्यायाम करताना ताण जाणवणारच, पण तासा-दोन तासांत तो उतरला पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजलेला, गरम लागला, तर आदल्या दिवशी जास्त झाले असे समजायचे आणि कमी करायचे. व्यायाम सोडायचा मात्र नाही.

डायरीत आकडे चढत गेले. पस्तीस, अठ्ठेचाळीस, साठ. जानेवारी २०२४ मध्ये बहात्तर झाले आणि तिथेच थांबले. एक आठवडा, दोन आठवडे, तीन आठवडे, बहात्तर. सर्जन म्हणाले, अजून दोन महिने बघू, नाहीतर भूल देऊन गुडघा वाकवावा लागेल. पुन्हा दवाखाना या विचारानेच मेहुण्याचा धीर सुटला. व्यायामाच्या भीतीने तो स्नायू आवळून धरी आणि आवळलेला सांधा वाकत नसे.

तेव्हा मॅडमनी विचारले, 'पाण्यात उतराल का?'

पाण्यातल्या व्यायामाची शास्त्रीय बाजू समजायला आठवीपर्यंतचे शिक्षण पुरते. आर्किमिडीजचा नियम आपण सगळे शिकलो आहोत. पाण्यात बुडालेल्या वस्तूला पाणी वर ढकलते. कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले की पायांवर शरीराचे साधारण निम्मेच वजन येते. छातीइतक्या पाण्यात एक तृतीयांशाच्या आसपास, आणि मानेइतक्या पाण्यात जेमतेम एक दशांश. म्हणजे साठ किलोच्या माणसाचे पाय मानेइतक्या पाण्यात सहा किलोच्या आसपास भार उचलत असतात. जमिनीवर जो पाय टेकवत नाही, तो पाण्यात चालू लागतो. पाण्याचा दाबही कामी येतो. खोली वाढेल तसा दाब वाढतो, त्यामुळे पावलाकडे जास्त आणि वर कमी, असा लवचिक मोज्यासारखा दाब पायावर पडतो आणि सूज ओसरायला मदत होते. तिसरी गोष्ट पाण्याच्या विरोधाची. हळू हलवा, पाणी वाट देते. जोर करा, पाणी अडवते. वेग दुप्पट केला तर विरोध जवळजवळ चौपट होतो. वजनाचा डंबेल ज्याला झेपत नाही त्याने आपल्या ताकदीप्रमाणे पाणी रेटावे. शिवाय पाणी कोमट असेल तर आखडलेले स्नायू सैल पडतात. उपचारासाठी खास बांधलेल्या तलावात पाणी साधारण ३३ ते ३५ अंश सेल्सिअस ठेवतात. पोहण्याच्या नेहमीच्या तलावात ते याहून थंड असते.

असे खास तलाव काही मोठ्या खासगी रुग्णालयांत असतात. त्यांचे दर ऐकून मी डायरी बंद केली. मॅडमनीच मार्ग काढला. उन्हाळा तोंडावर होता, महापालिकेच्या तरण तलावाचे पाणी दुपारी बऱ्यापैकी उबदार असते, उथळ टोक पुरेसे आहे, असे त्या म्हणाल्या. कोणते व्यायाम, किती वेळा, हे मराठीत लिहून दिले आणि एकट्याने उतरायचे नाही अशी सक्त अट घातली. डॉक्टरांचा दाखला जोडून आम्ही दोघांनी सदस्यत्व घेतले.

आता खरी अडचण पुढे आली. मेहुणा एक्केचाळीस वर्षांचा, मी सत्तेचाळीस, आणि दोघांनाही पोहता येत नाही. आमच्या दोन्ही घरांत कोणालाच येत नाही. गावाकडची मुले विहिरीत उड्या मारून पोहायला शिकतात, असे कथांतून वाचतो. आमच्या आजोबांना त्या विहिरीच्या पायरीवर पाय ठेवायची मुभा नव्हती. पाणी वरून कोणी ओतले तर प्यायचे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते पाणी पिण्याचा हक्क मिळावा म्हणून. त्या हक्काच्या मागोमाग पाण्यात उतरण्याची, पाण्याशी खेळण्याची सवयही यायला हवी होती. आमच्याकडे ती आली नाही. शहरात आलो तर इथे पाणी हंड्यात. त्यामुळे तलावाच्या कठड्याशी उभा राहून मेहुणा थरथरत होता, त्याचे मला हसू आले नाही. 'दाजी, ह्या वयात चड्डीवर सगळ्यांसमोर?' असे तो म्हणाला, त्याला मात्र मी हसलो, कारण माझीही तीच अवस्था होती. तलावावरचा जीवरक्षक भला माणूस. पहिले तीन दिवस तो आमच्याजवळच उभा राहिला.

पहिल्या दिवशी फक्त कठडा धरून उभे राहिलो. दुसऱ्या दिवशी कमरेइतक्या पाण्यात पुढे दहा पावले, मागे दहा पावले. चौथ्या दिवशी मेहुणा कठड्याला धरून उभा राहिला, मांडी स्थिर ठेवली आणि गुडघा मागे वाकवायचा प्रयत्न केला. टाच पाण्याने आपोआप वर उचलली जाऊ लागली. तो माझ्याकडे बघतच राहिला. जमिनीवर जो पाय तो दात-ओठ खाऊन ओढत असे, तो इथे कोणीतरी खालून हळूच हात लावावा तसा वर येत होता. दुखत नाही म्हटल्यावर त्याने स्नायू आवळणे सोडले, आणि हाच सगळ्यात मोठा फरक पडला. पुढे आडवे चालणे, कठडा धरून थोडे खाली बसून उठणे, एका पायावर तोल सांभाळणे असे व्यायाम वाढत गेले. सुरुवातीला पंधरा मिनिटे, मग अर्धा तास, आठवड्यातून चार दिवस. घरचे व्यायाम चालूच होते. पाण्यातून बाहेर येताना वजन एकदम परत पायावर येते, पाय शिशासारखे जड होतात, तेव्हा शिडीचा दांडा घट्ट धरायचा, हे मात्र आम्ही एकदा घसरता घसरता शिकलो.

मार्चअखेर डायरीत अठ्ठ्याऐंशी. एप्रिलच्या मध्याला शहाण्णव. सर्जननी भूल देण्याचा बेत रद्द केला.

गरम पाण्याने सांधे शेकण्याचा उपाय काही नवा नाही. विनयपिटकातील महावग्गात भेसज्जक्खन्धक नावाचा औषधांविषयीचा भाग आहे. तिथे पिलिन्दवच्छ या भिक्खूच्या अंगात वात भरल्याची हकिकत येते. भगवान बुद्धांनी त्याच्यासाठी आधी घाम काढण्याचा उपचार, मग औषधी पाल्याचा शेक, आणि अखेर उदककोट्ठक, म्हणजे गरम पाण्याने भरलेल्या कोठीत बसण्याची अनुमती दिली. चुल्लवग्गात वैद्य जीवकाच्या विनंतीवरून भिक्खूंना चंक्रमणासाठी जागा आणि गरम स्नानगृह वापरण्याची परवानगी दिल्याचे आहे. आजार मागच्या जन्मीच्या कर्मावर न ढकलता उपचार करून बघायचा, ही दृष्टी आपल्या परंपरेत पहिल्यापासून आहे.

अलीकडच्या काळातले मोठे उदाहरण अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे. १९२१ साली पोलिओने त्यांचे पाय लुळे पडले. १९२४ पासून ते जॉर्जिया राज्यातील वॉर्म स्प्रिंग्ज या कोमट झऱ्यांच्या गावी जाऊ लागले आणि १९२६ मध्ये ती जागाच विकत घेऊन तिथे पोलिओ रुग्णांसाठी केंद्र उभे केले. पाण्यात ते उभे राहू शकत, चालू शकत. पण त्यांचे पाय बरे झाले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. मेलेली मज्जापेशी पाणी जिवंत करत नाही. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांत जाऊन गुडघेदुखी कायमची गेली असे सांगणारे भेटतात. गरम पाण्याने आराम पडतो, तो खराच. पण कुंडात बसून राहणे आणि पाण्यात व्यायाम करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्याकडे या शास्त्राची सुरुवातही पोलिओच्या निमित्तानेच झाली. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. १९५५ साली हाजी अलीजवळ केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था उभी राहिली. ती आजही चालू आहे आणि गरीब रुग्णांनी तिथे जरूर जावे. बारावी सायन्स करणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी डॉक्टर नाहीतर काहीच नाही, असा हट्ट धरू नये. फिजिओथेरपीची पदवी हा चांगला मार्ग आहे. आमच्या मॅडम रेल्वेतल्या खलाशाच्या मुलगी आहेत, हे मला फार उशिरा कळले.

पाण्यातले व्यायाम सगळ्यांसाठी नाहीत. जखम उघडी असेल, टाके निघाले नसतील, ताप, जुलाब किंवा कातडीचा संसर्गजन्य रोग असेल तर पाण्यात उतरू नये. हृदय कमजोर असलेल्यांनी, दम लागणाऱ्यांनी, रक्तदाब आवाक्यात नसणाऱ्यांनी आणि फिट येणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर मुळीच नाही. मधुमेहाच्या रुग्णांच्या पावलांना बधिरपणा असतो. त्यांना पाणी किती गरम आहे ते कळत नाही, भाजते आणि ती जखम चिघळते. त्यांच्यासाठी पाणी घरातल्या दुसऱ्या माणसाने कोपर बुडवून तपासावे. ताज्या मारावर पहिले दोन दिवस गरम शेक, चोळणे काही नको. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे ठेवावा.

आणि तलाव नसेल तर? घरात बादली आहे. गेल्या वर्षी शेजारच्या आजी मोरीत पडल्या, मनगट मोडले. प्लास्टर निघाल्यावर हात सुजलेला आणि बोटे ताठ. मॅडमनी सांगितले ते असे: बादलीत कोमट पाणी घ्यायचे, कोपरापर्यंत हात बुडवायचा, पाण्यातच मूठ मिटायची-उघडायची, मनगट वर-खाली, डावीकडे-उजवीकडे, तळहात आभाळाकडे आणि जमिनीकडे. एक मऊ स्पंज पाण्यात पिळायचा. दहा मिनिटे, दिवसातून तीन वेळा. दोन महिन्यांनी आजी पुन्हा भाकरी थापू लागल्या. घोटा मुरगळून बरा होत असेल तर पायासाठीही हेच करता येते. टबात पाय सोडून हवेत अक्षरे काढतात तशी अंगठ्याने पाण्यात क, ख, ग काढायची. नातवंडे शेजारी बसवली तर त्यांचीही उजळणी होते.

पैशाचा भाग राहिला. मेहुण्याची महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी नव्हती. मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला असला की नोंदणी होते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. कामावर झालेल्या अपघाताची भरपाई हा तर १९२३ सालच्या कायद्यापासून कामगाराचा हक्क मानला गेला आहे. पण त्यासाठी काम कोणाकडे होते हे दाखवता आले पाहिजे, आणि आमच्याजवळ ठेकेदाराच्या नावाचा एक चिठोराही नव्हता. हजेरीचा, पैसे दिल्याचा फोटो मोबाइलमध्ये जपून ठेवा, एवढे मी आता प्रत्येक मिस्त्रीला सांगतो. वस्तीतल्या सतरा जणांची नोंदणी आम्ही त्यानंतर करून घेतली. मेहुण्याचे अकरा महिन्यांचे नुकसान कोणी भरून दिले नाही.

जून २०२४ मध्ये तो कामावर गेला. डायरीतला शेवटचा आकडा एकशे अठरा आहे. त्याच्या पुढे गुडघा गेला नाही. उकिडवे बसून दिवसभर फरशी करणे त्याला जमत नाही, म्हणून तो मोरी आणि स्वयंपाकघराच्या भिंतींच्या टाइल्स जास्त घेतो, आणि फरशीचे काम आलेच तर चाके लावलेल्या बुटक्या स्टुलावर बसून करतो. ते स्टूल त्याने स्वतःच बनवले. बरोबरचे कारागीर आधी हसले, आता त्यातल्या दोघांनी तसेच बनवून घेतले आहे. मे महिन्यापासून त्याचा मुलगा त्याच तलावावर पोहायला जातो. परवा त्याने खोल टोकाला उडी मारली, तेव्हा त्याचा बाप कठड्यावर बसून होता, दोन्ही पाय पाण्यात सोडून.